कचेरीतील कुजबूज

कचेरीतील वैर क्वचितच उघड बोलते. साहेबांचे कान हळूच भरले जातात, एकाच्या कामावर दुसऱ्याचे नाव चढते, आणि ज्याच्याविषयी हे चालते त्यालाच त्याचा पत्ता नसतो. कुजबुजीचे बळ तिच्या खरेपणात नसते, गुप्ततेत असते.

गुप्ततेचा घाव द्वेषावाचूनही बसतो. सीमा रस्ते संघटनेतील देवदत्त या कार्यकारी अभियंत्यांना बढतीसाठी पाच वर्षे 'फार चांगले' हा शेरा हवा होता. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात नुसते 'चांगले' लिहिले गेले. त्यात निंदा नव्हती, आरोप नव्हता. तरी त्या शब्दापायी बढती हुकली, आणि तो शब्द त्यांना कळविलाही नव्हता. प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. देवदत्त तेव्हा निवृत्त झाले होते.

सरकारी नोकरास आरोप कळविल्यावाचून व त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून सामान्यतः बडतर्फ करता येत नाही, हे राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे तत्त्वही तेच सांगते: जे बोलायचे ते उजेडात बोला.

कर्मचाऱ्यानेही हाच उजेड जवळ बाळगावा. तोंडी हुकमाची तारखेसह टिपणी करून वरिष्ठांची सही घ्यावी. आपले काम फाइलीवर आपल्या नावाने नोंदवावे. प्रतिकूल शेऱ्यास मुदतीत, संयमाने, लेखी उत्तर द्यावे. चहाडीला चहाडीने उत्तर देणारा क्षणभर जिंकतो. पण साऱ्या कचेरीचा विश्वास गमावतो. चौकशीच्या दिवशी त्याच्या बाजूने बोलायला मग कागदही नसतो आणि माणूसही.