जुन्या गाडीचा रास्त भाव



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गल्लीत एखादं तरी गॅरेज असतं, ज्याचं दार वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं. आमच्या गल्लीतलं असं एक दार गेल्या वर्षी उघडलं. आत १९७२ सालची हिरवी एमजीबी जीटी उभी होती. चारही टायर बसलेले, छतावर जुनी चादर आणि बॉनेटवर ख्रिसमसच्या सजावटीचे खोके.

गाडी शेजारच्या बाईंच्या यजमानांची. ते गेले आणि बाई आता लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. एका व्यापाऱ्याने दारात उभ्या उभ्या १५०० पौंड देऊ केले होते. पुतण्याने फोनवर जाहिराती बघून १५,००० सांगितले होते. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही आकड्यांतले माणूस. खरं काय ते तुम्हीच सांगा."

अडचण एकच होती. गाडी मलाच हवी होती.

तर आज मी तुम्हाला तो हिशेब सांगणार आहे. आणि मी त्यात कुठे चुकलो, तेही.

आधी गाडीविषयी थोडं. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. जीटी, म्हणजे पक्क्या छताची आणि मागे वर उघडणाऱ्या दाराची, १९६५ पासून. सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे ही दुर्मीळ गाडी नव्हे. पण भाव ठरवायला हे सोयीचंच आहे. विक्री भरपूर होते, त्यामुळे बाजार कळतो. सुटे भाग मिळतात. इतकंच काय, १९८८ पासून मूळ साच्यांवर केलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळत आली आहे.

आता पहिली पायरी. जाहिरातीतला आकडा हा भाव नसतो, ती विकणाऱ्याची इच्छा असते. गाडी खरोखर कितीला गेली ते बघायचं. लिलावांचे निकाल त्यासाठी चांगले. पण हातोडा पडतो तो आकडा आणि खरेदीदाराने भरलेली रक्कम एक नसते. वर लिलावगृहाचं कमिशन असतं, त्या कमिशनवर व्हॅट असतो. विकणाऱ्याच्याही हातात हातोड्याच्या आकड्यापेक्षा कमीच पडतं. आणि तुलना सारख्याशी सारख्याची करायची. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांपायी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी थोडी उंच केली गेली. त्याआधीच्या क्रोम बंपरवाल्या गाड्यांना लोक जास्त मोजतात. वरच्या टपाची आणि पक्क्या छताची, यांचे भावही वेगळे. मी फक्त क्रोम बंपरच्या, चालू स्थितीतल्या, ठीकठाक जीटी बघितल्या. आकडा आला साधारण ८५०० पौंड.

दुसरी पायरी, गाडीखाली झोपायचं. खरंच झोपायचं, टॉर्च घेऊन. इंजिन सुरू होत नाही म्हणून लोक घाबरतात. ते १८०० सीसीचं साधं इंजिन आहे, त्याची दुरुस्ती कुणीही जाणता मेकॅनिक करतो. पैसे खातो तो गंज. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालच्या लांब पट्ट्या, ज्यांना इथे सिल म्हणतात, त्या शोभेच्या नाहीत. आत दोन-तीन थर असतात आणि गाडीचा भार त्यांवर असतो. बाहेरून नवा पत्रा लावून रंग मारला, तरी आतला थर कुजलेला असू शकतो. म्हणून दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. दार उघडताना वर उचलावं लागतं का ते बघा. फ्रिजवरचं एक लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे.

बाईंच्या गाडीत चुंबक जवळजवळ सगळीकडे चिकटलं. सिल मात्र दोन्हीकडे मागच्या टोकाला गेले होते. निदान कुणी लपवले नव्हते. दुरुस्त न केलेल्या गाडीचा हा मोठा गुण आहे. ती खोटं बोलत नाही.

तिसरी पायरी, कागद. किलोमीटर नव्हे, इथे मैल, आणि मीटर पाच आकडी. म्हणजे ३४,००० दिसले तर ते १,३४,००० ही असू शकतात. जुन्या बिलांवरून ते पडताळता येतं. ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. त्यामुळे ताजी एमओटी नसणं हे काही वाईट लक्षण नाही. पण जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की फुकट बघता येतो. कुठल्या वर्षी कुठे गंज लिहिला होता, मैल किती होते, सगळं. आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींचा दाखला मिळतो. गाडी मूळ कुठल्या रंगाची, कुठले जादा भाग घेऊन बाहेर पडली, हे त्यात असतं. आमच्या शेजाऱ्यांनी तो दाखला काढून ठेवला होता. १९८१ पासूनची प्रत्येक पावती बिस्किटांच्या डब्यात होती.

इथे आपल्या सोनाराच्या दुकानाची आठवण होते. जुन्या पाटल्या मोडायला नेल्या तर सोनार घडणावळ देत नाही, वर घटही कापतो. पण पणजीची मोत्यांची नथ जशीच्या तशी, न दुरुस्त केलेली निघाली, तर तिला कुणी तराजूत घालत नाही. गाडीचंही तसंच. मूळ रंग, मूळ सीट, मूळ काचा एकदा काढल्या की परत येत नाहीत. पण लक्षात ठेवा, जुनेपणाचे हे जादा पैसे फक्त धडधाकट आणि कागद असलेल्या गाडीला. नुसती धूळ म्हणजे मूळपणा नव्हे. धुळीचे पैसे देऊ नका.

चौथी पायरी, वजाबाकी. चालू गाडीच्या भावातून, ती गाडी तिथवर न्यायचा खर्च वजा करायचा. अंदाजाने नाही, विचारून. मी वेल्डरला बोलावलं. दोन्ही सिल आणि तेवढ्यापुरता रंग, २६०० पौंड. गाडी २००९ पासून उभी, म्हणजे ब्रेक आणि क्लचची यंत्रणा अडकलेली, ६०० पौंड. पेट्रोलची टाकी, नळ्या आणि दोन कार्ब्युरेटर, ४५० पौंड. जुन्या रबरी नळ्यांना आजचं ई-१० पेट्रोल मानवत नाही, त्यामुळे त्या बदलायच्याच. टायर ३५० पौंड. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी चांगली दिसली तरी तारीख वाचा. एकूण ४००० पौंड.

मी घरी जाऊन तक्ता केला, तोही चांगला रंगीत, आणि उत्तर काढलं, २७४० पौंड. व्यापाऱ्यापेक्षा बरेच जास्त. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

तरी बाईंसमोर कागद ठेवताना मी म्हटलं, "हा हिशेब गाडी घेऊ इच्छिणाऱ्या माणसाने केलाय. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा." त्यांनी जवळच्या एमजी मालकांच्या मंडळातल्या एका निवृत्त गृहस्थांना बोलावलं. त्यांनी गाडी बघितली, माझा कागद चाळला आणि हसून विचारलं, "धोका दोनदा का वजा केलाय?"

खरं होतं. आतून काही निघेल म्हणून मी प्रत्येक ओळीत २० टक्के वाढवले होते. ४००० चे ४८०० झाले. आणि तळाशी "अनपेक्षित" म्हणून पुन्हा २० टक्के, ९६० पौंड. प्रकल्पांचे अंदाजपत्रक करण्यात माझी २० वर्षं गेली आहेत. दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात ही चूक मी एका मिनिटात पकडली असती. ही मला दिसली नाही, कारण ती माझ्या बाजूची होती. मी लबाडी केली नव्हती. पण हात आपोआप आपल्याच ताटाकडे वळला होता.

बरोबर हिशेब असा. ८५०० वजा ४०००, वजा एकदाच ८००. उरले ३७००. कागदपत्रांचे त्यांनी २०० वाढवले. मी ३९०० पौंड दिले, बिस्किटांच्या डब्यासकट.

एवढं करून सिलच्या आत आणखी गंज निघालाच. राखून ठेवलेल्या ८०० पैकी ६५० त्यात गेले. म्हणजे राखीव रक्कम हवीच होती. फक्त एकदाच.

तर श्रोतेहो, तुम्ही अशी गाडी घ्यायला गेलात, तर विकलेल्या गाड्यांचे भाव बघा, सिल बघा, कागद वाचा, खर्च विचारून लिहा. आणि शेवटचा कागद समोरच्याला देता येईल असा करा. तो देताना हात अडखळला, तर बेरीज पुन्हा तपासा.

गाडी आता चालते. पहिल्या फेरीला बाई शेजारी बसल्या होत्या. तिसऱ्या गिअरला खरखर झाली, तेव्हा म्हणाल्या, "ते सुद्धा तिथेच चुकायचे."