तिसऱ्या शिफ्टला सर्व्हर कोणाचा?



अध्यक्षाने सर्वांना पटेल असे चार शब्द बोलून खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती थोडी मोडणार आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत एक प्रश्न सतत कानावर येतो : डेबियनसारखी, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेली लायनक्स ऑपरेटिंग सिस्टीम कारखान्याच्या रोजच्या कामाला चालेल का? माझ्या मते चालेल. मात्र तिची देखभाल कोण करणार हे नावानिशी ठरल्याशिवाय ती आणू नये. पैसे मोजून घेतलेल्या सिस्टीमलाही हीच अट लागू पडते, आणि आपण तिथेच ती विसरतो.

क्षमतेचा प्रश्न लवकर निकालात निघतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक लायनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकचे परम महासंगणकही त्यावरच चालतात. पण हा पुरावा मी ताणणार नाही, कारण महासंगणकापाशी अभियंत्यांची फौज असते आणि बारा व्हीएमसी यंत्रे असलेल्या युनिटमध्ये अकाउंट्सचाच माणूस संगणकही बघतो. सीएनसीच्या कंट्रोलरमधील सिस्टीम यंत्र बनवणारा देतो. तिला हात लावण्याचे कारण नाही. निवड करायची ती ईआरपीच्या सर्व्हरसाठी, ड्रॉइंगच्या साठ्यासाठी आणि यंत्रांकडून माहिती गोळा करणाऱ्या संगणकासाठी. हा सर्व्हर रात्री दोन वाजता बसला, तर भरलेली गाडी इन्व्हॉइस आणि ई-वे बिलाविना गेटवर उभी राहते आणि सकाळी चाकणच्या ग्राहकाच्या लाईनवर आपला पार्ट नसतो.

पहिला आक्षेप ठरलेला आहे : बिघडले तर कॉलर कोणाची धरायची? विकतच्या सिस्टीममागे कंपनी उभी असते, हे खरे. पण बहुतेक परवाना-करारांत तिची भरपाईची जबाबदारी फार तर परवान्याच्या किमतीपुरती असते. थांबलेल्या लाईनचा दंड त्यात धरलेला नसतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा चेन्नईजवळच्या रेनॉ-निस्सान कारखान्यालाही झळ बसली. ज्या फटीतून तो शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जगभरच्या असंख्य संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला ग्रासले आणि चाकणचा माल ज्या जेएनपीटी बंदरातून परदेशी जातो, तिथले या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. परवाने रीतसर, कंपनी नामांकित, आणि तरीही कंटेनर अडकले. (क्रॅक केलेल्या प्रती वापरणाऱ्यांनी तर कॉलरचा मुद्दा काढूच नये.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याचे नाव सेंटओएस. ही फुकट सिस्टीम रेड हॅटच्या व्यावसायिक सिस्टीमच्या मूळ संहितेवरून तयार होत असे आणि अगणित सर्व्हर तिच्यावर चालत. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या पंखाखाली गेला. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की २०२९ पर्यंत अपेक्षित असलेली आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच बंद होईल. ज्यांनी नुकतेच तिच्यावर बस्तान बसवले होते, त्यांच्या हाती जेमतेम वर्ष उरले. ‘फुकटच्या मालाचे असेच होते’, असे तेव्हा म्हटले गेले. मी या घटनेतून वेगळा निष्कर्ष काढतो. तो निर्णय समुदायाने घेतलेला नव्हता, एका कंपनीने घेतला होता. आणि संहिता खुली असल्यामुळे २०२१ च्या मध्यापर्यंत अल्मालायनक्स आणि रॉकी लायनक्स असे दोन पर्याय उभे राहिले. चालू सर्व्हर न पुसता त्यांच्यावर नेण्याची सोयही मिळाली. एखाद्या विकतच्या सिस्टीमची मुदत मालकाने अशी तोडली असती, तर दुसऱ्या कोणाला ती पुढे चालवता आली असती का? म्हणून निवडताना किंमत नंतर पाहावी, आधी हे पाहावे की हा प्रकल्प एकट्याच्या मर्जीने बंद होऊ शकतो का. १९९३ पासून चालत आलेल्या डेबियनला कोणी मालक नाही, हे मला तिच्या फुकटपणापेक्षा मोलाचे वाटते.

मालक नसण्याचाही धोका असतो. मार्च २०२४ मध्ये लायनक्समधल्या एक्सझेड नावाच्या छोट्या घटकात चोरवाट सापडली. थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास दोन-अडीच वर्षे कमावून कोणीतरी ती बसवली होती. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला, म्हणून ती उघडी पडली. यात नशिबाचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण चोरवाट डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंतच पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत नव्हती. नव्याच्या हौसेने कारखान्यात चाचणी आवृत्ती बसवणाऱ्याचा बचाव मी करणार नाही.

मुदतीचा मुद्दाही खरा आहे. डेबियनच्या एका आवृत्तीला सुमारे पाच वर्षे आधार मिळतो, आपले यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते. हीच अडचण ओळखून सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी २०१६ मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म सुरू केला. निवडक कर्नल दहा वर्षे सांभाळायचे, हे त्याचे काम. ज्यांची कंट्रोल पॅनेल आपण विश्वासाने विकत घेतो, त्या कंपन्याच या प्लॅटफॉर्मसाठी डेबियनवर भिस्त ठेवून आहेत.

उरतो माणूस. छोट्या युनिटला पूर्णवेळ लायनक्स जाणणारा परवडत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की एकाच ब्लॉकमधल्या दहा-पंधरा युनिटनी मिळून एक पगारी प्रशासक ठेवावा. रात्रीच्या शिफ्टला त्याचा फोन लागला पाहिजे, आणि गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत त्याने अपडेट करून बॅकअप खरोखर परत चढतो का ते तपासले पाहिजे. वीज असली तर, अर्थात! यावर लगेच शंका येईल, की शेजारच्या स्पर्धकाचा माणूस आपली ड्रॉइंग आणि रेट पाहील. आपले सगळ्यांचे जॉब हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला त्याच दोन-चार ठिकाणी जातात, आणि तिथे कोणाचा कोणता पार्ट, किती नग, हे रोज उघड्यावर दिसते. तिथे आपण गुप्ततेचा करार करून काम भागवतो. तोच करार इथे करावा, आणि ड्रॉइंगची किल्ली ज्याच्या त्याच्या मालकाकडे ठेवावी.