शुक्रावर जीव तगेल काय?



शुक्राची चांदणी दाखविली की मुले विचारतात, "गुरुजी, तेथे कोणी राहते काय?" हा प्रश्न हसून टाळू नये. कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाट आवरणामुळे शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापलेला असतो. तेथे शिसेही वितळेल. १९८२ साली उतरलेले सोव्हिएत यान 'व्हेनेरा-१३' तेथे अवघी १२७ मिनिटे टिकले. पृथ्वीवरील सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत १२२ अंशांपर्यंत वाढल्याची नोंद आहे. तेव्हा शुक्राच्या भूमीवर आपल्या परिचयाचा जीव तगणार नाही. मात्र सुमारे ५० किलोमीटर उंचीवरील ढगांत उष्मा सौम्य आहे. ते ढग गंधकाम्लाचे आहेत. तेथील जीवाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हेही मुलांना मोकळेपणाने सांगावे. न सुटलेला प्रश्नच त्यांना उद्याचे संशोधक करील.