म्हैस वेगळी का?



वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेच्या या शिक्षक संमेलनाचा अध्यक्ष म्हणून थेट मुद्द्यावर येतो. प्रज्ञावंत मुले शोधायची कशी, यावर सकाळपासून निबंध वाचले गेले. शोधताना आपल्या चाळणीतून कोण गळतो, त्यावर मला बोलायचे आहे.

समजा, चौथीतल्या मुलाला विचारले : बैल, गाय, म्हैस, वखर, यांत वेगळे काय? उत्तरसूचीत 'वखर'. पोट्टं म्हणतं, "म्हैस." शून्य गुण. आता नुसते "काऊन?" विचारून पाहा. "गाय गोऱ्हा देते, गोऱ्ह्याचा बैल होते, बैल वखर वढते. म्हशीचं वावरात काय काम?" चारपैकी तीन गोष्टी त्याने एका साखळीत ओवल्या. कुणी म्हणेल, हेलाही जुंपतात की. जरूर म्हणा! पण मग त्या मुलाशी वाद घाला, त्याला शून्य देऊ नका.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना असेच विचारले होते : हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका. ओंडका बाजूला काढायला शेतकरी तयार होईनात. लाकूडच नसेल तर करवत चालवायची कशावर? लुरियांनी हा विचार खालच्या पायरीचा मानला. मला ते पटत नाही.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचे पुस्तक 1940 साली आले. परकी चाचणी जशीच्या तशी चालत नाही, हे तेव्हाच कळले होते. पुण्यात 1962 पासून ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावंतांच्या शिक्षणात मोठे काम उभे केले. पण चाचणी मराठीत आली म्हणजे ती कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोचली, असे होत नाही. तिथल्या मुलाच्या घरी कोलामी बोलतात. आणि वऱ्हाडीत 'मले-तुले' म्हणणाऱ्यालाही आपण आधी भाषा सुधारायला बसवतो. मग ते पोर वर्गात गप्प बसते आणि आपण त्याला 'मध्यम' लिहून मोकळे होतो.

परीक्षेने मुले निवडणाऱ्या सेलुकाटेच्या नवोदय विद्यालयात ग्रामीण मुलांसाठी किमान 75 टक्के जागा आहेत. चांगलेच आहे. पण ग्रामीण म्हणजे शिकवणी लावू शकणारा तालुक्यालगतचा पालकही, आणि पोडावरचा बापही. आरक्षणाला हा फरक दिसत नाही, शिक्षकाला दिसू शकतो.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम पुढे आली. निवडक मुलांची वेगळी शाळा त्या विचारात बसत नाही, हे मान्य. तरी हाताने काम करणाऱ्या मुलाकडे नीट बघावे, एवढे तिथून घेता येईल.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बी.एड.मध्ये प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचे विशेषीकरण सुचवले आहे. त्यात बुद्धिमत्तेच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा छात्राध्यापकांना प्रश्नपत्रिकेत एक रकाना वाढवायला लावा : 'मुलाने दिलेले कारण'. गुण देणे व्यक्तिनिष्ठ होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून दोन शिक्षकांनी ती कारणे वेगवेगळी वाचावीत. त्यांचे जुळले नाही, तर तिसऱ्याने मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलावे. ती येत नसेल, तर गावातले कुणी सोबत घ्यावे.