जेवणावरचा चहा

पुण्यात शिकायला आलेली कितीतरी मुलंमुली सकाळी नुसत्या चहावर कॉलेज गाठतात. फार तर सोबत क्रीमरोल. दुपारी मेसच्या डब्यातली उसळ तशीच परत जाते, पोळी आणि बटाट्याची भाजी तेवढी संपते, वर पुन्हा कटिंग. मग तासाला डोळे मिटू लागतात, जिना चढताना धाप लागते. कृपा करून याला आळस म्हणू नका; यामागे लोहाच्या कमतरतेनं होणारा रक्तक्षय असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जेवणानंतर तासभर तरी चहा टाळा. उसळीवर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. तरीही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.