ग्रंथपाल, संगणक आणि शिकण्याचा वेळ



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आज तो मोडला आहे, त्याचा दोष आमंत्रण देणाऱ्यांचा. आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. कायदा, हिशेब, इतिहास, जे काही थोडेफार आले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून आले. तेथे पुस्तक काढून देणारा माणूस महिन्याकाठी काय मिळवतो, हे विचारण्याचे मात्र आम्हांला पुष्कळ दिवस सुचले नाही. कामगार चळवळीत पडल्यावर सुचले.

आजचा विषय ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या पुढ्यात येऊन पडलेल्या नव्या साधनांचा आहे. संगणक आला, इंटरनेट आले, खिशात मोबाईल आला. तेव्हा आता ग्रंथपाल हवाच कशाला, असे विचारणारे लोक भोरच्या बाजारातही भेटतात आणि उत्रोलीच्या पारावरही भेटतात. त्यांना आम्ही शेजारच्याच गावाचे उदाहरण देतो.

मांढरदेवीचा घाट उतरला की वाई. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. पहिला खंड 1976 साली निघाला. पुढे वीस खंड झाले. तालुक्याच्या गावी हे खंड असतात ते बहुधा काचेच्या कपाटात, आणि किल्ली कार्यवाहांच्या घरी. 2011 साली हाच विश्वकोश इंटरनेटवर आला आणि कोणालाही फुकट वाचण्यास खुला झाला. म्हणजे कपाटाला किल्ली उरली नाही. मग उत्रोलीच्या मुलाने तो वाचला का? बहुतेकांना तो तेथे आहे हेच ठाऊक नाही. मोबाईलमध्ये प्रश्न टाकल्यावर जे पहिले वर येते ते खरे, अशी त्यांची समजूत असते. त्याला विश्वकोशाच्या पानापर्यंत नेणारा, आणि 'ही नोंद केव्हा लिहिलेली आहे ते आधी बघ, त्यानंतरचे आकडे दुसरीकडे शोध' असे सांगणारा माणूस लागतो. त्या माणसाला आम्ही ग्रंथपाल म्हणतो.

साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. 2011 सालच्या जानेवारीपासून गुरुजींची पुस्तके तशी झाली आणि ती कोणीही छापावी, कोणीही इंटरनेटवर ठेवावी, अशी मोकळीक आली. कोणते पुस्तक असे उतरवून घेता येते आणि कोणते घेतले तर ती चोरी होते, हे वाचकाला कोण सांगणार? येथेही पुन्हा तोच माणूस.

आता त्या माणसाचे काम जरा जवळून पाहू. वर्षानुवर्षे त्याने दाखल नोंदवहीत शाईने नोंदी केल्या. एके दिवशी समितीने सांगितले, 'सगळे संगणकावर घ्या.' घेतले. आमच्या माहितीतील एका वाचनालयात दोन बायकांनी उन्हाळाभर बसून हजारो पुस्तके मराठीत टंकून काढली. पण वापरली ती जुन्या पद्धतीची अक्षरे, म्हणजे ज्या यंत्रावर ती बसवलेली असतील तेथेच दिसणारी. पुढे यंत्र बदलले, आणि पडद्यावर पुस्तकांच्या नावांऐवजी कंस, आकडे आणि इंग्रजी बाराखडीचा चिवडा दिसू लागला. त्या उन्हाळ्याची मजुरी गेली. दोष त्या बायकांचा नव्हता. सर्व यंत्रांना सारखीच कळणारी युनिकोड नावाची पद्धत आहे, मराठी तिच्यात टंकावे, एवढी एक गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. ती सांगायला एक दुपार पुरली असती.

आणि युनिकोड आले म्हणून सगळे आले असे नाही. मराठीत शोध घेणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. 'गुरुजी' या शब्दातला रु कोणी ऱ्हस्व टंकतो, कोणी दीर्घ. माणूस दोन्ही वाचून समजतो. यंत्र मात्र सावकाराच्या कारकुनासारखे, अक्षर चुकले की 'नोंद सापडत नाही' म्हणून मोकळे होते. 1962 च्या शुद्धलेखनाआधीच्या पुस्तकांवर 'नवें', 'पहिलें' असे अनुस्वार आहेत. ते तसेच टंकावेत की काढावेत? लेखकाचे आडनाव आधी घ्यावे की लोक ज्या नावाने त्याला ओळखतात ते? पांडुरंग सदाशिव साने असे शोधणारा वाचक आम्ही तरी अजून पाहिला नाही. म्हणून दोन्ही नावांनी वाट करून ठेवावी लागते. हे यंत्राला कळत नाही आणि यंत्र विकणाऱ्यालाही कळत नाही. वीस वर्षे देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या बाईला ते कळते. तिचे हे ज्ञान आणि नवे साधन यांची गाठ घालून देणे, याला आम्ही प्रशिक्षण म्हणतो. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र पुष्कळांपाशी आहे, ते चांगलेच आहे. पण त्याने या गाठी सुटत नाहीत.

आमच्यावर एक आक्षेप घेतला जातो. तुम्ही युनियनवाले तर संगणकाचे वैरी! बँकांतील संघटनांनी संगणकाला हरकत घेतली होती, ही गोष्ट खरी आहे, आणि 1983 साली त्यावर करारही झाला. पण त्यांचा प्रश्न नोकरी टिकण्याचा होता, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क होता. ग्रंथालयातला प्रश्न निराळा आहे. येथे माणसे कमी करायला मुळात माणसेच नाहीत. पुष्कळ गावांत एकच व्यक्ती ग्रंथपाल, तीच शिपाई, तीच झाडू मारणारी.

पगाराचा हिशेब ऐका. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. सर्वांत लहान ड वर्गाला 2012 पासून वर्षाला 30,000 रुपये अनुदान होते; 2022 साली त्यात साठ टक्के वाढ झाली, म्हणजे 48,000. यातला निम्मा भाग वेतनाचा. चोवीस हजार भागिले बारा. महिन्याला दोन हजार रुपये! या पैशात ती बाई संध्याकाळी वाचनालय उघडते. आणि तिलाच आपण सांगतो की संगणक शीक, व्हॉट्सअॅपवर नव्या पुस्तकांची यादी टाक, मुलांना स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरून दे. कधी शिकू, असे तिने विचारले तर उत्तर मिळते, 'घरी, रात्री, स्वतःच्या मोबाईलवर.' त्या मोबाईलचा रिचार्जही तिचाच. हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या डोंगराकडे तर रेंज धरण्यासाठी आधी टेकाडावर चढावे लागते, ते वेगळेच.

कारखान्यात नवे यंत्र आले तर ते शिकण्याची पाळी ही कामाची पाळी धरली जावी, हे आम्ही भांडून मिळवतो. ग्रंथालयात ते का धरू नये? यात काही नवे मागणे नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली बडोद्यास ग्रंथालयांची उभारणी काढली तेव्हा अमेरिकेतून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणले, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या कामाचा वर्ग उघडला. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या होत्या. पेटी उघडणारा माणूस तयार नसेल तर पेटीचा उपयोग नाही, हे राजाला कळत होते. रंगनाथन तर गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले आणि 1924 साली लंडनला शिकायला पाठवले. 'घरी रात्री शिका' असे त्यांना कोणी म्हणाले नाही!

साधन महाग आहे, ही सबबही चालणार नाही. 'कोहा' नावाची ग्रंथालयाची एक संगणक-प्रणाली आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी ती तयार झाली, कारण त्यांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडले की बंद पडणार होती. ती 2000 च्या जानेवारीत चालू झाली आणि सगळ्या जगाला फुकट दिली गेली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच भेट. भोरसारख्याच गावच्या लोकांनी केलेली वस्तू आहे ही. तिला पैसा लागत नाही. बसवून देणारा जाणकार आणि शिकणाऱ्याला वेळ एवढे लागते. यंत्रासाठी देणगीदार सापडतो, त्याच्या नावाची पाटी लागते, फोटो निघतो. वेळेला पाटी लावता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार सापडत नसावा. मग ते यंत्र टेबलक्लॉथखाली झाकून राहते, आणि त्यावर गणपतीत हार चढतो.

उत्रोलीत औद्योगिक वसाहत होणार, असे आपण पुष्कळ वर्षे ऐकतो आहोत. ती होईल तेव्हा होवो. तोवर येथली मुले पुण्याला किंवा शिरवळला कामाला जाणार, आणि अर्ज, निकाल, जाहिरात, फसवी जाहिरात, सगळे मोबाईलवर येणार. खऱ्याखोट्याची शहानिशा करायला गावात एक जागा हवी, जेथे पैसे मागत नाहीत आणि माल विकत नाहीत. अशी जागा वाचनालयाखेरीज आम्हांला दिसत नाही.

आपल्यापैकी बरेचजण कोठल्या ना कोठल्या वाचनालयाचे सभासद आहेत, काही समितीवरही आहेत. आमचे मागणे इतकेच की आठवड्यातली एक दुपार देवघेव बंद ठेवून ती कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाला द्यावी, त्या दुपारचे वेतन कापू नये, आणि इंटरनेटचा खर्च संस्थेने सोसावा. जवळच्या तीन-चार वाचनालयांनी मिळून एकच शिक्षक बोलावला तर खर्चही वाटला जाईल. त्या दुपारी दार बंद दिसले तर सभासदांनी कुरकुर करू नये. 'शिकणे चालू आहे' अशी पाटी लावली म्हणजे झाले. वार्षिक सभेपुढे मांडावयाच्या ठरावाचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आभार झाल्यावर आमच्याकडून प्रत घ्यावी.