रक्तपरीक्षेचा कागद व लिंफोसाइटी ल्युकेमिया

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील आरोग्यसप्ताहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें ह्या सप्ताहांत बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हां मी वैद्य नव्हें ही सबब मीं पुढें केली. ती मान्य झाली नाहीं. माझ्यामागून डॉक्टरसाहेब बोलणारच आहेत. त्यांनीं हें भाषण आगाऊ वाचून त्यांतील दोन चुका दुरुस्त केल्या आहेत, हें आरंभींच सांगून टाकितों. हाच विषय मीं कां निवडिला, त्याचें कारण मात्र माझ्याच हातून घडलेली एक तिसरी चूक आहे, आणि ती दुरुस्त करणें त्यांच्या हातीं नव्हतें.

२०१९ च्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आपल्या धर्मग्रामांतील एक बागाईतदार माझ्याकडे आले. वय सहासष्ट. त्यांच्या अनुज्ञेनें ही हकीकत सांगत आहें. नांव सांगणार नाहीं. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं त्यांचें रक्त तपासलें गेलें होतें, व तो कागद त्यांनीं चार महिने ट्रंकेंत, रविवारच्या कपड्यांच्या खालीं, दडवून ठेविला होता. "फादर, घरच्यांनासुद्धां दाखविला नाहीं. आपण वाचून सांगा," असें म्हणून त्यांनीं तो माझ्या हातीं दिला. कागदाच्या तळाशीं 'ल्युकेमियाची शक्यता' असे शब्द होते. मीं तेवढेच वाचले. वरचे आकडे पाहिले नाहींत. आणि ज्याला आपण सांत्वन समजतों तें मीं सुरू केलें. "दादा, जमिनीचे कागदपत्र मुलांच्या नांवें झाले आहेत का?" असें मीं त्यांस विचारिलें, आणि शेवटच्या संस्कारांविषयींहि बोललों. ते मुकाट्यानें उठून गेले. त्या रात्रीं घरीं कोणी जेवलें नाहीं, असें त्यांच्या पत्नीनें पुढें मला सांगितलें.

आतां, जे आकडे मीं तेव्हां वाचावयास हवे होते ते आज आपण मिळून वाचूं.

सेमिनरींत शिकलेलें थोडें ग्रीक व लॅटिन येथें उपयोगी पडतें. ल्युकेमिया म्हणजे 'पांढरें रक्त'. १८४५ मध्यें एडिंबरो येथें बेनेट व बर्लिन येथें फिर्खो ह्या दोन वैद्यांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, मृत रोग्यांच्या रक्तांत पांढरा अंश विलक्षण वाढलेला पाहिला. बेनेट ह्यांस तो पू वाटला. फिर्खो म्हणाले, पू नव्हे. रक्तांतील स्वतःच्याच श्वेतपेशी बेसुमार वाढल्या आहेत. त्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. लिंफोसाइट ही ह्या श्वेतपेशींतील एक जात होय. तिच्या नांवांत जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ निर्मळ पाणी. शरीरांत शिरणाऱ्या रोगजंतूंशीं झुंजणें हें तिचें काम.

आपल्याकडे सी. बी. सी. म्हणतात ती साधी रक्तपरीक्षा घ्या. प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तांत (हल्लींच्या कागदांवर मायक्रोलीटर लिहितात, तें तेंच) सुमारें ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात. त्याखालीं लिंफोसाइट शेंकडा किती हें लिहिलेलें असतें. शेंकडा २० ते ४० हें सर्वसाधारण प्रमाण. लोक ह्या शेंकड्याकडे पाहून घाबरतात, आणि घोटाळा येथेंच होतो. समजा, एकूण पेशी ६,००० आहेत व लिंफोसाइट शेंकडा ४८. शेंकडा मोठा दिसतो. परंतु गुणाकार केल्यास संख्या २,८८० येते, व ती बेताचीच आहे. आमच्या बागाईतदारांच्या कागदावर एकूण ३८,००० व शेंकडा ८२ होते, म्हणजे ३१,१६०. ही संख्या खरोखरच मोठी. परंतु त्याच कागदावर हिमोग्लोबिन १३.२ व प्लेटलेट १,९०,००० असेहि आकडे होते, आणि ते निरोगी माणसाचे होते. शेवटचा शब्द वाचून मीं ज्यांचा जवळजवळ अंत्यविधि आरंभिला, त्यांच्या तांबड्या पेशी व प्लेटलेट अगदीं जागच्या जागीं होत्या!

एकाच मोठ्या आकड्यावरून निर्णय होत नाहीं. डांग्या खोकल्यांत व कित्येक विषाणूंच्या तापांत लिंफोसाइट वाढतात व पुन्हां उतरतात. लहान मुलांत तर त्या मुळांतच अधिक असतात. म्हणून दुसरी पायरी म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ लेप देऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. ज्या जुनाट रोगाविषयीं मी बोलत आहें त्यांत ह्या पेशी इतक्या नाजुक असतात, कीं लेप देतांनाच कित्येक चिरडून त्यांचे पुसट डाग उरतात. तिसरी पायरी फ्लो सायटोमेट्री. हिच्यांत एकेका पेशीच्या अंगावरील खुणा तपासतात. सीडी ५, सीडी १९, सीडी २३ अशीं त्यांचीं नांवें आहेत. खुणांवरून ह्या साऱ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशांतील आहेत कीं काय, हें कळतें. तशा बी जातीच्या पेशी ५,००० किंवा अधिक असून तीन महिने टिकल्या, म्हणजे जुनाट लिंफोसाइटी ल्युकेमिया असें निदान होतें. हें सर्व दंडांतून काढलेल्या रक्तावर होतें. हाडांत सुई घालून मज्जा काढण्याची निदानासाठीं बहुधा गरज पडत नाहीं. त्या सुईच्या धाकानें कित्येकजण दवाखान्याची पायरीच चढत नाहींत, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

ल्युकेमिया हें एक आडनांव आहे. त्या आडनांवाचीं माणसें एका स्वभावाचीं नव्हेत. तीव्र लिंफोसाइटी ल्युकेमिया मुख्यत्वें बालकांना होतो. मूल फिकट पडतें, ताप हटत नाहीं, अंगावर काळेनिळे डाग येतात, हाडें दुखतात. येथें श्वेतपेशी वाढलेल्याच असतील असें नाहीं. त्या कमीहि असूं शकतात, व कच्च्या पेशी लेपांतच दिसतात. येथें मज्जा तपासावीच लागते आणि एक आठवडाहि दवडूं नये. निदानापूर्वीं कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यास ताप तात्पुरता उतरतो व खरा रोग झांकला जातो. मातांनो, हें विसरूं नका. उपचार दोन-तीन वर्षें चालतो, परंतु संपन्न देशांतील उत्तम रुग्णालयांत दहांपैकीं आठ-नऊ मुलें बरीं होतात.

जुनाट प्रकार बहुधा उतारवयांत येतो. पाश्चात्य देशांपेक्षां आपल्याकडे तो पुष्कळ विरळा. जोधपूर येथें जन्मलेले डॉ. कांति राय ह्यांनीं अमेरिकेंत सहकाऱ्यांसह १९७५ मध्यें त्याच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांस वैद्याचीं बोटें व साधी रक्तपरीक्षा पुरतात. केवळ लिंफोसाइट वाढल्या तर पायरी शून्य. मानेंत, काखेंत वा जांघेंत अवधाण आल्यास पहिली. पांथरी किंवा यकृत वाढल्यास दुसरी. हिमोग्लोबिन ११ च्या खालीं गेल्यास तिसरी. प्लेटलेट एक लाखाच्या खालीं गेल्यास चौथी. आमचे बागाईतदार शून्यावर होते.

मुंबईच्या डॉक्टरांनीं त्यांस सांगितलें, "आज औषध नको. तीन महिन्यांनीं या." मला वाटलें, ते आनंदतील. ते अधिकच खचले. औषध नाहीं म्हणजे आशा नाहीं, असा त्यांनीं अर्थ केला. आपल्यापैकीं बहुतेकांनीं तोच केला असता. वस्तुतः फ्रान्समधील वैद्यांनीं आरंभींच्या पायरीवरील रोग्यांना लगेच क्लोरँब्युसिल देऊन पाहिलें. न दिलेल्यांपेक्षां ते अधिक जगले नाहींत, असें १९९८ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणून थांबणें हाच तेथें उपचार ठरतो. सुमारें एक-तृतीयांश रोग्यांना औषधाची पाळी कधींच येत नाहीं. हिमोग्लोबिन वा प्लेटलेट उतरूं लागणें, लिंफोसाइट सहा महिन्यांच्या आंत दुप्पट होणें, गाठी वा पांथरी फार वाढणें, विनाकारण ताप, रात्रीं घामानें अंथरूण भिजणें, वजन झपाट्यानें घटणें, हीं आरंभ करण्याचीं चिन्हें होत. आणि तेव्हां आतां केवळ जुनीं औषधें नाहींत. इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांना अमेरिकेंत २०१४ पासून ह्या रोगासाठीं मान्यता आहे. मात्र थांबणें म्हणजे विसरणें नव्हे. ह्या पेशी संख्येनें पुष्कळ असून लढाईस निकामी असतात. म्हणून ताप आल्यास घरगुती काढ्यावर दिवस काढूं नयेत, आणि फ्ल्यू व न्यूमोनियाच्या लशींविषयीं डॉक्टरांस विचारावें. जिवंत जंतूंच्या लशी त्यांना देत नाहींत.

आतां एक कटु गोष्ट. ही वार्ता पसरतांच आपल्यांतल्याच कांहींनीं त्यांचा पेला वेगळा ठेविला, आणि त्यांच्या धाकट्या कन्येच्या सोयरिकीचें बोलणें थांबलें. हा रोग स्पर्शानें, श्वासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं. रोग्याच्या जवळच्या नातलगांत त्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो हें खरें. परंतु तो एकंदरींत इतका अल्प आहे कीं त्यापायीं मुलीचें लग्न अडवावें, ह्यास आधार नाहीं. दुसऱ्या घराण्याचें उदाहरण पाहा. मेहेरबाई टाटा १९३१ मध्यें ल्युकेमियानेंच निवर्तल्या. दोराबजींनीं तें लपविलें नाहीं; १९३२ मध्यें पत्नीच्या नांवें न्यास स्थापून ह्याच रोगाच्या संशोधनास धन दिलें. परळचें टाटा रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें. आपल्या गांवांतून किती माणसें सकाळच्या गाडीनें तेथें जातात, हें मी सांगावयास नको.

बागाईतदारांच्या लिंफोसाइट आज ४०,००० च्या वर आहेत. औषध अद्याप सुरू नाहीं. हर्निया झाला, कन्येचें लग्नहि झालें, दुसऱ्या घरीं. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हां ते म्हणाले, "फादर, जमिनीचे कागद मात्र तुमच्यामुळें झाले."

डॉक्टरसाहेब आतां आपल्या प्रश्नांचीं उत्तरें देतील. ज्यांनीं कागद आणले असतील त्यांनीं जुने व नवे एकत्र करून, तारखांच्या क्रमानें लावून त्यांच्याकडे द्यावेत. सर्वांसमोर दाखविण्याचा संकोच वाटत असल्यास चहानंतर ते माझ्या कार्यालयांत बसणार आहेत.